वाचक शोधण्याची वही: चौदावा महिना

आकडा आधी सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण तोच शोधत येतात. माझ्या ईमेल यादीत आता 212 वाचक आहेत. गेल्या महिन्याअखेरीस 171 होते. एका महिन्यात 41 ची भर याआधी कधीच पडली नव्हती. आणि ती पडली ती याच महिन्यात, ज्यात मी लेखकांच्या एकाही गटात माझी कथा टाकली नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: दिवसा नोकरी, शनिवार-रविवारी लेखन. माझ्या कथा रात्रपाळी करणाऱ्या माणसांच्या आहेत. लिहिण्याची वही वेगळी आहे, ही वही फक्त वाचकांची.

पहिलं वर्षभर मी वाचक शोधले ते लेखकांमध्ये. तिथे माणसं चांगली भेटली, काही कायमची जोडली गेली. पण तिथे प्रत्येकाच्या हातात स्वतःची कथा असते. आपण त्यांची वाचायची, त्यांनी आपली वाचायची, 'छान जमलंय' म्हणायचं आणि पुढच्या कथेकडे वळायचं. मीही तेच करत होते. या देवाणघेवाणीतून धीर मिळतो आणि लेखन सुधारतं, म्हणून ती मी सोडणार नाही. मात्र तिथलं कुणी माझी दुसरी कथा शोधत येत नाही, कारण माझ्या कथेतल्या रात्रीशी त्यांचं काही देणंघेणं नसतं.

म्हणून महिन्याच्या सुरुवातीला एक कागद घेतला आणि लिहिलं: मला अजिबात न ओळखणारं कोण ही कथा वाचायला थांबेल? यादी बरीच लांबली. वॉर्डातल्या सिस्टर, पहारेकरी, लांब पल्ल्याचे ड्रायव्हर, कंट्रोल रूममध्ये बसणारे ऑपरेटर. आणि या सगळ्यांच्या घरची माणसं, हे मला सगळ्यात शेवटी सुचलं. रात्रपाळीला गेलेल्याची वाट बघणारं माणूसही माझा वाचक आहे, हे चौदा महिन्यांत एकदाही मनात आलं नव्हतं.

मग रात्रपाळीवाल्यांच्या एका ऑनलाइन गटात गेले. सुरुवातीचे दोन आठवडे कथेचा उल्लेखच केला नाही. झोप, डोळ्यांवर येणारा उजेड, सुट्टीच्या दिवशीही रात्री टक्क जागं राहणं, अशा गोष्टींवर लोक बोलत होते. मी वाचत होते आणि प्रश्न विचारत होते. पहाटेच्या थंडीबद्दल तर खूप जणांनी लिहिलं. शरीराचं तापमान पहाटेच्या सुमारास दिवसातल्या सगळ्यात खालच्या पातळीवर जातं, त्यामुळे तेव्हाची थंडी जास्त बोचते. माझ्या पहारेकऱ्याच्या कथेत हा प्रसंग आधीपासूनच होता. तिसऱ्या आठवड्यात, गट चालवणाऱ्यांना विचारून, ती एकच कथा तिथे दिली.

दोन दिवसांनी एका सिस्टरचा ईमेल आला. पहारेकऱ्याची कथा वाचून त्या माझ्या वॉर्डाच्या कथेपर्यंत पोचल्या होत्या. त्यात मी सकाळचा हँडओव्हर, म्हणजे रात्रीच्या सिस्टरने दिवसाच्या सिस्टरकडे पेशंट सोपवणं, टेबलाशी, रजिस्टरवर सही करून उरकला होता. त्यांनी लिहिलं की त्यांच्याकडे दोघी प्रत्येक बेडपाशी जातात, पेशंटसमोर उभं राहून बोलतात, आणि रात्रभर सांभाळलेला माणूस दुसरीच्या हाती देताना काय वाटतं ते तिथेच कळतं. मी तो प्रसंग पुन्हा लिहिला. कथा आधीपेक्षा कितीतरी चांगली झाली. बदललेली कथा त्यांना पाठवली, त्यांनी ती आपल्या सहकाऱ्यांना पाठवली. या महिन्याच्या 41 मधले किमान 17 जण या एका वाटेने आले, कारण नाव नोंदवताना 'कुठून कळलं?' या रकान्यात त्यांनी वॉर्डाचा उल्लेख केलाय. हा रकाना तुम्हीही ठेवा. वाचक कुठून येतात याबद्दलचे माझे निम्मे अंदाज त्यानेच खोटे पाडले.

याच ओघात परिचयाची ओळ बदलली. आधी 'शब्दांवर मनापासून प्रेम करणारी' असं होतं. ते खरं आहे, पण ते आपल्या सगळ्यांबद्दल खरं आहे. आता 'रात्री जागणाऱ्या माणसांच्या कथा लिहिते' एवढंच आहे. ज्याला वाचायचं त्याला क्षणात कळतं.

कथेच्या तळाशीही बदल केला. पूर्वी तिथे चार विनंत्या होत्या: अभिप्राय द्या, मित्रांना पाठवा, नाव नोंदवा, अमुक ठिकाणी जोडले जा. कथा संपल्यावर वाचक एक क्षण गप्प असतो, आणि त्याच क्षणी मी त्याच्यासमोर चार हात पसरत होते. आता तिथे फक्त पुढच्या कथेचा दुवा आहे, तोही त्या कथेच्या मनःस्थितीला जुळेल असा निवडलेला. नाव नोंदवण्याची विनंती दुसऱ्या कथेच्या शेवटी येते. दोन कथा वाचलेल्या माणसाला ती विनंती परकी वाटत नाही.

प्रत्यक्ष वाचन एकच झालं. दहा मिनिटं मिळाली होती. मोठ्याने वाचताना माझा वेग मिनिटाला साधारण 110 शब्द पडतो, म्हणजे 1100 शब्द. कथा 2400 शब्दांची. मागच्या वेळी मी घाईघाईने वाचून ती बसवली होती आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं की धागा सुटलाय. या वेळी वाचनासाठी वेगळी प्रत केली. चार्ल्स डिकन्स 1858 पासून तिकीट लावून स्वतःच्या कथांची जाहीर वाचनं करत. त्यासाठी त्यांच्या खास प्रती असत: मजकूर कापलेला, आणि समासात आवाज कसा लावायचा याच्या सूचना. मी तसंच केलं. वर्णनं कापली, दोन पात्रांपैकी एकच ठेवलं, श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीने रेघ मारली. 24 जण होते, त्यातल्या 9 जणांनी ईमेल पत्ता दिला. त्यांना आधी खात्री करून घेणारा ईमेल जातो आणि त्यातल्या दुव्यावर क्लिक केल्यावरच नाव यादीत चढतं. 6 जणांनी क्लिक केलं. त्या 6 जणांना यादीवर जाणारं माझं ईमेल-पत्र खरोखर हवंय, हे मला माहीत आहे.

त्या सिस्टरच्या ईमेलमध्ये माझ्या कथेबद्दल दोन फार सुंदर वाक्यं होती. ती माझ्या कथांच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर घ्यायचा मोह मला झाला. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन यांना तेव्हाचे नामवंत लेखक इमर्सन यांनी कौतुकाचं खासगी पत्र लिहिलं होतं. त्यातली ओळ व्हिटमन यांनी 'लीव्हज ऑफ ग्रास' या आपल्या कवितासंग्रहाच्या 1856 च्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापली, न विचारता. त्याआधी स्वतःच्या पुस्तकाची परीक्षणंही त्यांनी निनावी लिहिली होती. कवी म्हणून त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण ही वाट मला पटत नाही. मी परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, वाक्यं घ्या, नाव नको. तसंच होईल.

मोजमापाबद्दल एक सूचना. ईमेल किती जणांनी उघडला, या आकड्यावर विसंबू नका. तो आकडा पत्रातल्या न दिसणाऱ्या छोट्या चित्रावरून काढतात: चित्र लोड झालं की पत्र उघडलं असं धरलं जातं. ॲपलने 2021 मध्ये मेल ॲपसाठी गोपनीयतेची जी सोय आणली, ती सुरू असेल तर वाचकाने पत्र न उघडताही चित्र आधीच लोड होतं. त्यामुळे आकडा फुगतो. मी आता फक्त दोन गोष्टी मोजते: दुसऱ्या कथेपर्यंत किती जण गेले आणि किती जणांनी उत्तर लिहिलं. या महिन्यात उत्तरं 13.

सोशल मीडियावर आठवड्याला एक पोस्ट, त्यापेक्षा जास्त नाही. गेल्या वर्षी एका ॲपवरचं माझं खातं कारण न सांगता बंद झालं आणि तिथले सगळे वाचक एका सकाळी गेले. त्यातले काही आजही मला आठवतात. तेव्हापासून वाचकाला आधी यादीकडे आणते आणि दर महिन्याला यादीची प्रत स्वतःकडे उतरवून ठेवते.

आता क्रमशः कथेचा प्रयोग. चार भागांपैकी दोन गेले आणि प्रतिसाद थंड आहे. याआधी मी इथेच थांबले असते. पण 1836 मध्ये डिकन्स यांची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी मासिक भागांत सुरू झाली तेव्हा सुरुवातीचे भाग जेमतेम 400 च्या आसपास खपत होते. चौथ्या भागात सॅम वेलर हे पात्र आलं, खप चढत गेला आणि शेवटी 40,000 च्या घरात पोचला. माझ्या कथेत तिसऱ्या भागात कंट्रोल रूमचा ऑपरेटर येतो, आणि तो मला फार आवडतो. त्याच्यासाठी एका निवृत्त ऑपरेटरशी बोलायचं ठरलंय. ते म्हणाले, रात्री दोननंतर फोन कर, अजून तेव्हाच जाग असते. शुक्रवारी करणार आहे.