मेट्रोत मोजलेलं त्वरण

मी नागपुरात नववी-दहावीची ट्यूशन घेतो. नववीच्या सायन्सचा पहिलाच धडा गतीचे नियम, आणि त्यातलं त्वरण पोरं धडाधड काढतात, अंतिम वेगातून सुरुवातीचा वेग वजा करा, वेळेने भागा, झालं. पण गणितात "एकसमान त्वरणाने", म्हणजे दर सेकंदाला वेग सारखाच वाढतो, असं लिहिलेलं असतं ते कोणी वाचतच नाही आणि मला तेच खटकत होतं, म्हणून एका रविवारी बॅचला घेऊन सीताबर्डीहून खापरीच्या मेट्रोत बसलो.

स्टेशनच्या छपराखाली जीपीएस अडखळतं म्हणून सगळ्यात पुढच्या डब्यात उभे राहिलो. एकाच्या मोबाईलवर स्पीडोमीटर, दुसऱ्याकडे स्टॉपवॉच, आणि एका पोरीने 20 सेंटीमीटर दोऱ्याला लोखंडी नट बांधून दांड्याला लटकवला, खाली आडवी पट्टी धरली; त्वरण जितकं जास्त, तितका नट मागे जातो.

छत्रपती चौकातून गाडी सुटली. दहाव्या सेकंदाला ताशी 36 किलोमीटर, विसाव्याला 57-58. 3.6 ने भागलं की सेकंदाला 10 मीटर आणि 16 मीटर. पोरांनी लगेच 16 भागिले 20 केलं, 0.8 आलं, म्हणजे दर सेकंदाला वेग 0.8 मीटर प्रति सेकंदाने वाढला, खूश!

तेवढ्यात पट्टीवाली पोरगी म्हणते, "सर, नट तं वापस येऊन राहिला!"

खरंच, आधी दोन सेंटीमीटर मागे गेलेला नट आता एकाच्या आसपास आला होता. म्हणजे पहिल्या दहा सेकंदांत त्वरण 1, पुढच्या दहात 0.6, आणि 0.8 ही नुसती सरासरी. कारण मोटर सुरुवातीला जवळपास सारख्या जोराने ओढते, पण एका वेगानंतर तिची पॉवर संपूर्ण वापरात येते, आणि पॉवर म्हणजे बल गुणिले वेग, त्यामुळे वेग वाढला की बल कमी होणारच.

मग मी त्यांना अंतर काढायला लावलं, गाडी हलत होती आणि पोरं वहीवर वाकलेली. 0.8 एकसमान धरलं तर 160 मीटर. दोन तुकडे करून काढलं तर 50 अधिक 130, म्हणजे 180. सुरुवातीचा वेग तोच, शेवटचा तोच, वेळ तोच, तरी 20 मीटरचा फरक! मला इतका आनंद झाला ना, फळ्यावर वर्षभर ओरडून जे पोचत नाही ते दोन स्टेशनांच्या मधे पोचलं.

परतीच्या गाडीत पोरांनी स्वतःच ब्रेकचं रीडिंग घ्यायला सुरुवात केली, नट पुढे झुकला की उत्तर मायनसमध्ये येणार हे त्यांनी आधीच सांगून टाकलं.