आमची वाटचाल: आधी जमीन बघतो, मग लिफ्टचं बोलतो

आमचं काम गाडी उचलायच्या लिफ्ट बसवायचं. बिल्डिंगची लिफ्ट नाही, गॅरेजमधली, टू पोस्ट (दोन खांबांची), फोर पोस्ट (चार खांबांची), सिझर (कात्रीसारखी उघडत वर जाणारी), सगळ्या. दादा आणि मी मिळून बघतो, हिशेब आणि रजिस्टर वहिनीकडे, आणि हाताखाली चार पोरं जी आता आमच्याइतकीच तयार झालीत. बरेच जण विचारतात की या लाईनमध्ये कसे आलात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

सुरुवात दादाची. तो सर्व्हिस स्टेशनवरच्या वॉशिंग लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणजे जमिनीत सिलेंडर पुरलेला, मधोमध एकच जाड दांडा, कॉम्प्रेसरची हवा ऑइलवर दाब देते आणि दांडा गाडीसकट वर येतो, तो प्रकार. या लिफ्टचा मूळपुरुष १९२५ मधला, अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये पीटर लुनाटी नावाच्या मेकॅनिकने न्हाव्याच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन बनवलेला. दादाचं काम मुख्यतः सील आणि पॅकिंग बदलायचं, कारण पॅकिंग गेलं की गाडी वर धरली तरी हळूहळू खाली बसते, आणि जमिनीतलं सिलेंडर गंजलं तर ऑइल कुठे मुरतंय ते कळतही नाही. मी सुट्टीत त्याच्याबरोबर जायचो, नंतर सुट्टी संपली तरी जायला लागलो.

मग वर्कशॉपवाले गाडीखाली काम करायचे खड्डे सोडून टू पोस्ट घ्यायला लागले आणि तेच लोक दादाला म्हणाले की लिफ्ट आलीय, बसवून द्या. तिथून फर्म सुरू झाली. लिफ्ट जोडणं हे काही फार अवघड काम नाही, मॅन्युअल असतं, दोन कॉलम म्हणजे खांब, त्यावर वरखाली सरकणारे दोन कॅरेज, गाडी धरणारे चार आर्म, सिलेंडर, होज, पॉवर पॅक म्हणजे मोटर आणि ऑइलचा पंप, आणि दोन्ही बाजू सारख्या वर याव्यात म्हणून इक्वलायझर केबल. हातात हत्यारं धरता येणारा माणूस हे जोडू शकतो. पण ही सगळी लिफ्ट शेवटी उभी असते काँक्रीटच्या जिवावर, आणि काँक्रीट कुणी बघतच नाही. आमची फर्म चालली ती आम्ही ते बघायला लागलो म्हणून.

टू पोस्टचं गणित असं की गाडीचं वजन कॉलमवर सरळ खाली येत नाही, आर्मवर आतल्या बाजूला लटकतं, त्यामुळे कॉलम आत झुकायला बघतो आणि बाहेरच्या बाजूचे अँकर, म्हणजे कॉलम काँक्रीटला धरून ठेवणारे बोल्ट, जमिनीतून वर खेचले जातात. म्हणजे अँकर म्हणजे नुसता बोल्ट नाही, त्याच्यावर माणसाचा जीव असतो. बहुतेक कंपन्या कमीत कमी १०० ते १५० मिमी सलग काँक्रीट मागतात, साधारण एम-२० ते एम-२५ च्या ताकदीचं (आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत), पूर्ण २८ दिवस पक्कं झालेलं, अँकरच्या आसपास तडा, जॉइंट किंवा स्लॅबची कड नको. आता घरच्या गॅरेजमध्ये काय असतं? वर छान टाइल, खाली मसाला, त्याखाली कोबा, मग थोडं पीसीसी (सळया नसलेलं साधं काँक्रीट) आणि खाली सोलिंग (दगडांचा थर) आणि भराव. टाइल आणि मसाला धरून मालक म्हणतो सहा इंच आहे की. ते सहा इंच अँकरच्या काही कामाचे नाहीत, अँकर धरतो तो फक्त खालच्या खऱ्या काँक्रीटला.

म्हणून आम्ही साइटवर गेलो की पहिलं काम म्हणजे जिथे बेस प्लेट, म्हणजे कॉलमच्या पायाची प्लेट, येणार तिथल्या टाइल काढून एक बारीक भोक आरपार पाडतो. ड्रिल चालू असताना आवाज बदलतो, काँक्रीट संपून भरावात गेलं की मशीन एकदम हलकं लागतं हाताला. मग टोकाला वाकवलेली तार भोकात सोडायची, आकडा स्लॅबच्या खालच्या कडेला अडकवायचा आणि वर जमिनीला टेकते तिथे चिमटीत धरून बाहेर काढून टेपने मोजायची. एवढंसं काम, पण या तारेने आमची जितकी कामं थांबवलीत तितकी दुसऱ्या कशानेच नाही. तार ६० मिमी दाखवत असेल तर आम्ही लिफ्ट बसवत नाही, मग मालक कितीही ओळखीचा असो.

थांबवतो म्हणजे सोडून येत नाही. प्रत्येक कॉलमखाली जुनी जमीन चौकोनी कापायची, मॅन्युअलमध्ये पायाचं माप दिलेलं असतं तेवढं खोल खणायचं, सळयांची जाळी टाकून नवं काँक्रीट भरायचं. आणि मग २८ दिवस पाणी मारत वाट बघायची. ही वाट बघणं लोकांना फार जड जातं, लिफ्ट खोक्यात येऊन पडलेली असते आणि रोज फोन येतात की वरून तर कडक झालंय, आता काय हरकत आहे. हरकत ही की एम-२५ मधला २५ हा आकडा २८ दिवसांनंतरच्या ताकदीचा आहे, आठवड्यानंतरच्या नाही. आम्ही तारीख लिहून देतो आणि तारखेच्या आधी येत नाही, बस.

जिथे खाली बेसमेंट आहे किंवा गॅरेज वरच्या मजल्यावर आहे तिथे तर आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय ड्रिल पिशवीतून काढतच नाही. पोस्ट टेन्शन स्लॅब असेल तर आत ताणलेल्या केबल असतात, त्या स्कॅन न करता भोक पाडणं म्हणजे स्लॅबलाही धोका आणि ड्रिल धरणाऱ्यालाही.

बसवताना पोरांना मी सगळ्यात जास्त ओरडतो ते भोकातल्या धुळीवरून. १९ मिमी चं भोक पाडलं की आत पीठ साचतं, ते ब्रशने आणि हवेने पूर्ण काढायचं, नाहीतर अँकरची पकड त्या पिठावर बसते, काँक्रीटवर नाही. कॉलम ओळंब्यात आणायला बेस प्लेटखाली पातळ पट्ट्यांचं पॅकिंग द्यावं लागतं, पण तेही मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच. मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना. अँकर टॉर्क घ्यायच्या आधीच गोल फिरायला लागला की समजायचं काँक्रीटने धरलेलं नाही, तो अँकर बाद, त्याच भोकात जास्त जोर लावून काही होत नाही. एका ठिकाणी आम्हाला दुसऱ्यांनी बसवलेली लिफ्ट बघायला बोलावलं होतं, गाडी वर गेली की कॉलम डोळ्याला दिसेल इतका आत यायचा, टाइल काढल्यावर खाली जेमतेम दोन इंच काँक्रीट निघालं, अँकरचं टोक भरावात लटकत होतं. गाडी तेव्हा सुद्धा रोज वर जात होती आणि खाली माणूस काम करत होता. तो मालक आज आमचा सगळ्यात जुना घरगुती गिऱ्हाईक आहे.

घरगुती कामं वाढली तशी उंचीची भानगड सुरू झाली. १.५ मीटर उंच गाडी, तिच्याखाली उभं राहायला १.८ मीटर, म्हणजे ३.३ मीटर तर नुसतेच झाले, त्यात वरून तुळई, ट्यूबलाइट, पंखा, आणि शटर उघडल्यावर त्याचा ड्रम नाहीतर सरकत्या दाराचे रूळ नेमके गाडीच्या टपावर. क्लिअर फ्लोअर टू पोस्टला, म्हणजे जिच्या केबल वरून जातात आणि मधली जमीन मोकळी राहते, तिला वरची तुळईच साधारण साडेतीन मीटरच्या पुढे असते. छप्पर कमी असेल तर दोन कॉलमच्या मध्ये जमिनीवर आडवी प्लेट असलेली घ्या जिच्या केबल खालून जातात, नाहीतर सरळ मिड राइज म्हणजे अर्ध्या उंचीची सिझर घ्या, स्टुलावर बसून ब्रेक, सस्पेन्शन, ऑइल सगळं होतं. नुसती एकावर एक दोन गाड्या लावायच्या असतील तर फोर पोस्ट, तिचं वजन चार पायांवर सरळ खाली उतरतं त्यामुळे जमिनीवर मेहेरबानी. फक्त गाडीची चाकं लिफ्टच्या पट्ट्यांवर टेकलेली राहतात, चाक काढायचं तर त्या पट्ट्यांच्या मध्ये बसणारा ब्रिज जॅक वेगळा लागतो, हे घेतानाच विचारा.

वजनाच्या बाबतीत एक गोष्ट गिऱ्हाइकाला कागदावर मांडून दाखवतो. लिफ्ट ४ टनाची म्हणजे एक आर्म १ टनाचा. गाडी २५०० किलोची आणि ६० टक्के वजन पुढे, म्हणजे पुढच्या दोन आर्मवर १५००, एकावर ७५०. बसतंय. पण इंजिन उतरवलं की वजन मागे सरकतं आणि जी गाडी सकाळी नीट तोललेली होती ती दुपारी मागे झुकायला बघते, म्हणून असं काम असेल तर मागे स्टँड लावल्याशिवाय बोल्ट सोडायचे नाहीत. आणि रोजचं म्हणजे चाकं जमिनीपासून वीतभर उचलली की थांबायचं, गाडीला धक्का देऊन बघायचं, आर्मच्या टोकाचे, गाडीला टेकणारे चारही पॅड जागेवर आहेत का वाकून बघायचं, मगच वर. वर गेल्यावर थोडं खाली सोडून कॉलममधल्या लोखंडी लॉकवर बसवायची. नुसत्या ऑइलच्या दाबावर ठेवलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, हे आम्ही लिफ्ट ताब्यात देताना मालकाच्या हाताने करवून घेतो, त्याच्या मुलाला आवड असेल तर त्यालाही.

मोटरचंही तेच. सिंगल फेजवर चालते म्हणून लोक एक्स्टेन्शन बोर्ड लावतात, सुरू होताना मोटर कितीतरी पट करंट ओढते, बारीक वायरवर व्होल्टेज पडतं आणि मोटर जळते. वेगळी लाईन, वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग, हे नसेल तर दादा पॉवर पॅक जोडत नाही.

वहिनीच्या रजिस्टरमुळे धंद्याला एक नवीन बाजू मिळाली. प्रत्येक लिफ्टची काँक्रीटची जाडी, अँकरचा टॉर्क, केबल कधी ताणली, ऑइल कधी बदललं, सगळं तिने पहिल्यापासून लिहून ठेवलं, आणि मग तीच म्हणाली की हे सगळं दर वर्षी तपासायला आपणच का जात नाही. आज आमचं निम्मं काम वार्षिक तपासणीचं आहे. अँकर परत टॉर्कला लावणं, केबलची एखादी तार तुटून काटा बाहेर आलाय का बघणं, दोन्ही कॉलमचे लॉक एकाच वेळी टकटक वाजतात का ऐकणं, स्क्रू लिफ्ट (ऑइलऐवजी फिरणाऱ्या स्क्रूवर वर जाणारी) असेल तर मुख्य नट आणि सेफ्टी नटमधलं अंतर मोजणं, कारण ते कमी झालं म्हणजे नट झिजला.

सध्या इलेक्ट्रिक गाड्यांमुळे परत शिकणं चालू आहे. बॅटरी पॅक पूर्ण पोटाखाली, तोच कित्येक शे किलोचा, उचलायच्या जागा अगदी कडेला, पॅड जरा आत सरकला की बॅटरीच्या खोक्यावर दाब. त्यामुळे त्या गाडीच्या जॅकिंग पॉइंटचं चित्र बघून पॅड आणि ॲडॉप्टर आधी ठरवतो, आणि बॅटरी उतरवायची असेल तर दोन कॉलमच्या मधली जागा टेबलसाठी मोकळी लागते, म्हणजे तिथे क्लिअर फ्लोअरच.

तुम्ही बसवायचा विचार करत असाल तर आम्हाला लिफ्टचं कॅटलॉग पाठवू नका. छताच्या सगळ्यात खालच्या भागापर्यंतची उंची, शटर पूर्ण उघडल्यावरचा फोटो, गाडीचं मॉडेल, आणि जमिनीखाली भराव आहे की बेसमेंट, एवढं पाठवा. बाकीचं तार सांगेल.