ग्राहक नसताना लिहिलेली पानं

इतरांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहायचं काम करायचं ठरवलं तेव्हा दाखवायला हातात काहीच नव्हतं. मग कुणी न मागताच एका काल्पनिक सायकल-दुरुस्तीवाल्याचं होमपेज आणि सेवांचं पान लिहून काढलं. नमुना म्हणून तेच पाठवत राहिले. 'सरावासाठी लिहिलंय' असं वर स्पष्ट नमूद करून.

वेबवर लोक वाचण्यापेक्षा नजरच जास्त फिरवतात. लोक वेबसाइट कशा वापरतात याचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी 2006 मध्ये डोळ्यांच्या हालचाली टिपून दाखवलं, की नजर बऱ्याचदा एफ अक्षरासारखी फिरते: आधी वर आडवी, थोडं खाली पुन्हा आडवी, मग डाव्या कडेने खाली. म्हणून मी मुद्दा पहिल्याच वाक्यात ठेवते. उपशीर्षकांचे पहिले दोन शब्द लिहिताना माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. (बटणावर नुसतं 'सबमिट' लिहिणाऱ्यांशी माझं जुनं वैर आहे. 'माझी वेळ ठरवा' लिहा ना!)

पैशांचं बोलताना जीभ अडखळते, त्यामुळे ते सगळं लेखी: निम्मी रक्कम आगाऊ, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, तिसरीपासून वेगळे पैसे. दर शब्दांवर नाही, पानावर. कारण छोटं वाक्य लिहायलाच जास्त वेळ लागतो.

'आधी एक लेख फुकट द्या, पुढे भरपूर काम आहे' म्हणणाऱ्यांना मी तो सायकलवाला पाठवते.