शनिवारची सकाळची शाळा

आज लेकीला आणायला जिल्हा परिषदेच्या शाळेत जरा लवकर पोहोचले. व्हरांड्यात सतरंजीवर एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका बसलेले, पुढ्यात पाच पोरं. "साताऱ्याहून कोरेगावला निघालाय. तिकीट सदतीस रुपये धरू. पन्नास दिले, परत किती?" वहीतल्या हातच्याच्या वजाबाकीला रडणारं एक पोरगं पटकन म्हणालं, "तेरा!" काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढचा स्टॉप पुकारला. लेक हात ओढत होती, पण माझा पाय निघेना.

त्यातली दोन मुलं ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलेली. कारखाना बंद झाला की परत जाणार. त्यांना रोज फडावरून शाळेत आणून सोडते ती आमच्याच गल्लीतली एक वहिनी. स्वतःचं घरकाम, म्हशीची धार उरकून. डब्यात दोन भाकऱ्या जास्तीच्या असतात, हे मला आज कळलं.

कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे आमच्या अण्णांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि बोर्डिंगातल्या मुलांसाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आम्ही सातारकर लहानपणापासून ऐकतो. आज व्हरांड्यात मला त्या माउलीची फार आठवण आली.

काका, वहिनी, तुमचे मनापासून आभार. पुढच्या शनिवारपासून वाचनाच्या तासाला मी येतेय. मुख्याध्यापिका बाईंना सांगून आलेय. घरात लहान मुलांची गोष्टीची पुस्तकं पडून असतील तर मला द्या, मी येऊन घेऊन जाईन.