पाकिटाची मागची बाजू

जर्मनीत पाकिटावर किंमत छापलेली नसते. एमआरपी हा प्रकारच इथे नाही. दुकानदार त्याची किंमत ठरवतो आणि ती फळीच्या कडेला लावलेल्या पट्टीवर दिसते. पुण्यात पॅकेजिंग करताना एमआरपी, बॅच नंबर आणि तारीख यांच्यासाठी सोडावी लागणारी ती पांढरी चौकट माझ्या डोळ्यांत खुपायची. ती नाही म्हटल्यावर वाटलं होतं, आता काय, रानच मोकळं!

रान मोकळं वगैरे काही नाही. स्टुटगार्टमध्ये मी ज्या छोट्या ऑफिसात काम करते तिथे ब्रँडिंग, पॅकेजिंग आणि वेबसाइट तिन्ही कामं एकाच टेबलावर होतात, आणि प्रत्येक काम मागच्या बाजूपासून सुरू होतं. मुंबई-पुण्यात आम्ही क्लायंटला आधी देखणी पुढची बाजू दाखवायचो आणि मागचं 'नंतर बसवू' म्हणायचो. इथे पहिल्याच मीटिंगला मागच्या मजकुराची यादी टेबलावर येते आणि ती बसल्यावर उरेल त्या जागेत आपली कला.

परवाच पार पडलेल्या एका कामाचं सांगते. स्टुटगार्टच्या दक्षिणेला श्वेबिश आल्ब नावाचं चुनखडीचं पठार आहे. तिथे मसूर पिकते. जर्मन माणूस बटाट्यावर जगतो असा आपला समज, पण या भागात मसूर आणि श्पेट्झलं (अंड्याच्या पिठाचे छोटे नूडल्स) हे अगदी घरचं जेवण. मध्यंतरी इथली मसुराची शेती जवळपास संपली होती. २००६ साली इथल्याच जुन्या वाणाचं बी थेट रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या संग्रहात सापडलं आणि शेतकऱ्यांनी ते पुन्हा लावलं. तर तिथल्या एका घरगुती कंपनीला मसूर आणि मसाला एकत्र घातलेलं 'भारतीय' पाकीट काढायचं होतं. पाणी घाला, उकळा, आमटी तयार. मालकीणबाईंच्या डोक्यात हत्ती होता. हत्तीच्या मागे मंडल, आणि नाव त्या वळणदार, डोक्यावर रेघ ओढलेल्या खोट्या देवनागरी छापाच्या रोमन अक्षरांत. ती अक्षरं मला बघवत नाहीत.

भांडून उपयोग नव्हता. इथे मीटिंगमध्ये 'मला आवडत नाही' या वाक्याला किंमत नसते, कारण द्यावं लागतं. म्हणून मी यादी पुढे केली. युरोपीय संघाच्या २०११ च्या लेबल नियमाप्रमाणे सक्तीच्या मजकुरातल्या लहान अक्षराची उंची किमान १.२ मिलिमीटर हवी. २५० ग्रॅमच्या पाकिटावर वजनाचे आकडे किमान ४ मिलिमीटर. त्याच्या शेजारी लहान इंग्रजी 'ई'सारखी दिसणारी खूण, म्हणजे वजन सरासरीनं भरलेलं आहे याची हमी, तीही ३ मिलिमीटरच्या खाली चालत नाही. बारकोड पूर्ण आकारात ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर. पोषणतक्ता १०० ग्रॅममागे. आणि घटकांच्या यादीत १४ प्रकारचे ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी होऊ शकणारे पदार्थ, ठळक दिसले पाहिजेत. त्या चौदांत तीळही आहेत आणि मोहरीही! ज्या मोहरीशिवाय आपली फोडणी होत नाही ती इथे ठळक अक्षरांत धोक्याची सूचना होऊन बसते. पुढच्या बाजूला 'तिळाचं' असं लिहिलं किंवा तीळ चितारले, तर मागे त्यांचं प्रमाण टक्क्यांत द्यावं लागतं. फोटोतल्या वाटीत कोथिंबीर भुरभुरवली आणि ती पाकिटात नसेल, तर बाजूला 'वाढण्याची एक कल्पना' अशा अर्थाची बारीक ओळ टाकायची पद्धत आहे.

हे सगळं कागदावर मांडल्यावर हत्तीला उभं राहायला जागाच उरली नाही. शिवाय मसूर त्याच पठारावरची, तिला सजवून परदेशी कशाला करायचं? हा मुद्दा बाईंना पटला. आता पुढे फक्त मसुराचे दाणे आहेत, मोठे, आणि खाली शेताच्या गावाचं नाव.

रंगाचा वाद मात्र लांबला. बाईंना काळी, मॅट पिशवी हवी होती. काळं म्हणजे प्रीमियम हे खूळ सगळ्या जगात सारखंच. पण इथल्या कचरा वर्गीकरण केंद्रात प्लास्टिक ओळखतात ते इन्फ्रारेड किरणांनी, आणि कार्बन ब्लॅकचा नेहमीचा काळा रंग हे किरण गिळून टाकतो. यंत्राला पिशवी दिसतच नाही आणि ती जाळायच्या ढिगात जाते. वरून कागद आणि आतून प्लास्टिक असं चिकटवलेलं 'नैसर्गिक' दिसणारं पाकीटही असंच अडचणीचं. शेवटी एकाच प्लास्टिकची, पीपीची (पॉलिप्रॉपिलीनची) पिशवी घेतली आणि रंग ठरला हळदीच्या जवळचा केशरी.

इथे एक गंमत. हे पाकीट व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर आईचा पहिला प्रश्न, 'हिरवा ठिपका कुठंय?' जर्मनीत हिरवा ठिपका आहे, नावही तेच, पण अर्थ साफ वेगळा. वर्तुळात गुंफलेल्या दोन बाणांची ती खूण १९९१ पासून आहे आणि ती एवढंच सांगते की या पाकिटाच्या कचऱ्याचे पैसे कंपनीनं भरले आहेत. चिकन सूपच्या पाकिटावरही ती असू शकते. २००९ पासून ती सक्तीचीही नाही. नव्यानं येणाऱ्या शाकाहारी मंडळींनी तिच्यावर विसंबू नये, घटकांची यादीच वाचावी. 'श्माल्त्स' दिसलं तर ती बहुधा डुकराची चरबी असते.

पाकीट छापायला गेलं आणि तोच केशरी माझ्यावर उलटला, वेबसाइटवर. २८ जून २०२५ पासून जर्मनीत ऑनलाइन दुकानं अपंग आणि दृष्टी कमी झालेल्या ग्राहकांनाही वापरता येतील अशी बनवणं कायद्यानं बंधनकारक झालं आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या, कमी उलाढालीच्या धंद्यांना सूट आहे, आमच्या बाईंची कंपनी त्याहून मोठी. अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्यातला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ धरतात. केशरीवर पांढरी अक्षरं टाकली की तो २ च्या आसपास घुटमळतो. पाकिटावर झक्क दिसणारं बटण स्क्रीनवर नापास! अक्षरं गडद तपकिरी केली तेव्हा सुटलं, आणि मग एकसारखेपणा राहावा म्हणून पाकिटावरचीही बदलली. तिन्ही कामं एका टेबलावर असण्याचा हा फायदा. स्क्रीनचं काम दुसऱ्या एजन्सीकडे असतं तर त्यांनी गुपचूप वेगळाच केशरी वापरला असता.

बटणावर काय लिहायचं हेही आमच्या हातात नव्हतं. २०१२ पासून इथल्या नागरी कायद्यात आहे की शेवटच्या बटणावर 'पैसे देण्याच्या बंधनासह ऑर्डर करा' किंवा तितकंच स्पष्ट काही हवं, नाहीतर ग्राहकावर करार बंधनकारक होत नाही. जर्मनमध्ये तो शब्द एवढा लांब आहे की मोबाइलवर बटण दोन ओळींचं होतं. 'पुढे चला', 'चला मिळवूया' असले लाडिक शब्द चालत नाहीत. दर महिन्याला पाकीट घरपोच अशी योजना ठेवली तर १ जुलै २०२२ पासून ती बंद करायचं बटणही तितकंच ठसठशीत द्यावं लागतं. आपल्याकडेही ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्यांविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं आली, १३ प्रकार नावानिशी नोंदवलेले आहेत. तरी भारतातलं एखादं ॲप बंद करायला गेलं की अजूनही चार वेळा 'खरंच जाताय?' विचारतं.

किमतीचंही तसंच. विक्रीच्या किमतीजवळ किलोमागचा भाव द्यावाच लागतो, दुकानातल्या पट्टीवर आणि वेबसाइटवरही. आमचं २५० ग्रॅमचं पाकीट साडेचार युरोचं, म्हणजे १८ युरो किलो. शेजारच्या साध्या मसुरीचा भाव त्याच अक्षरांत समोर असतो. डब्याला खोटा तळ देऊन किंवा पिशवी हवेनं फुगवून फसवायला जागा कमी राहते. तरी लोक प्रयत्न करतात म्हणा. हॅम्बुर्गची ग्राहक संस्था दरवर्षी लोकांचं मत घेऊन सर्वांत फसव्या पाकिटाची निवड जाहीर करते.

या सगळ्यामुळे कंटाळवाण्या गोष्टीही पुष्कळ तयार होतात. जर्मन सुपरमार्केटच्या काही फळ्या इतक्या एकसुरी दिसतात की झोप यावी, आणि कुकीजची परवानगी मागणाऱ्या खिडक्यांनी वेबसाइटचा जीव घेतला आहे. पण शिस्तीतून चांगलं डिझाइन होतं हे इथे जुनं आहे. स्टुटगार्टहून रेल्वेनं तासाभराच्या आत उल्म येतं. १९५३ ते १९६८ एवढंच चाललेलं तिथलं डिझाइन विद्यालय टेकडीवर अजून उभं आहे, माक्स बिलनं बांधलेली करडी काँक्रीटची इमारत. तिथले शिक्षक ऑटल आयशर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९६२ मध्ये लुफ्तहान्सा या विमान कंपनीची सगळी दृश्य ओळख इथेच आखली, सुटं चिन्ह म्हणून नव्हे तर एक व्यवस्था म्हणून. आपल्या जेजेतून निघालेले सुधाकर नाडकर्णी इथे शिकले आणि परतल्यावर पवईला आयआयटीत, १९६९ ला सुरू झालेल्या आयडीसी या डिझाइन विभागाची घडण त्यांनी केली. पवईत शिकलेले माझे मित्र मैत्रिणी बोलतात त्या पद्धतीची मुळं या टेकडीवर आहेत. मी गेले होते तेव्हा तिथल्या कँटीनच्या लांब बारला टेकून उगाचच बराच वेळ उभी होते.

मसुराचं पाकीट आता दुकानात आहे. पण युरोपचा नवा पॅकेजिंग नियम १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होतोय आणि २०२८ पासून कोणतं पाकीट कोणत्या डब्यात टाकायचं याची एकसारखी खूण सगळ्या देशांत छापावी लागेल. तिच्यासाठी मागे, पोषणतक्त्याखाली, मी थोडी जागा कोरी ठेवली आहे. बाईंनी ती पाहिली आणि विचारलं, इथे एक छोटासा हत्ती बसेल का?