नळी काढली तरी टिकटिक चालूच!

मागच्या नोंदीत मी मोठ्या थाटात लिहिलं होतं की जुलैच्या झडीत गॅलरीतल्या माझ्या गायगर काउंटरचं (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या नळीच्या यंत्राचं) रीडिंग २१ वरून ४४ सीपीएमवर (मिनिटाला इतक्या टिकटिक) गेलं आणि हा पावसाबरोबर खाली आलेल्या रेडॉनच्या पिल्लावळीचा प्रताप, म्हणजे जमिनीतून निघणाऱ्या या किरणोत्सर्गी वायूच्या विघटनातून तयार होणाऱ्या अणूंचा. ते सगळं मागे घेतोय. तेव्हाच ज्यांनी "दुप्पट? खरंच?" विचारलं होतं, त्यांचा चहा माझ्याकडे लागू.

शंका मलाच यायला हवी होती. या पिल्लावळीतल्या शिसे-२१४ चं अर्धायुष्य २७ मिनिटं, बिस्मथ-२१४ चं २०. पाऊस थांबला की दोनेक तासांत आलेख उतरलाच पाहिजे. माझा रात्रभर वर, आणि सकाळी ऊन पडलं की सुतासारखा सरळ.

पहिला संशय व्होल्टेजवर. मल्टिमीटर लावला, २९० दिसले. माझ्या एसबीएम-२० नळीला हवेत ४००. मग मी शहाण्याने ट्रिमपॉट (व्होल्टेज जुळवायचा छोटा स्क्रू) पिळून मीटरवर ४०० आणले आणि मोजणी आणखीच चढली. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहम, त्याच्या ओझ्यानेच आपलं सर्किट वाकतं, हे इथे दहादा बोलून झालंय तरी माती खाल्ली. तपकीर गल्लीत दोन शनिवार घालवून १०० मेगओहमचे दहा रेझिस्टर जमवले आणि एका गिगाओहमची माळ करून मीटरच्या आधी जोडली. मीटरवर दिसेल त्याला १०१ ने गुणायचं. दिसले ५.४, म्हणजे तब्बल ५४५ व्होल्ट! प्लॅटो (व्होल्टेज बदललं तरी मोजणी जवळपास स्थिर राहते तो पट्टा) संपतो ४७५ ला. नळी वाचली हे नशीब. ३.९६ वर आणून ट्रिमपॉटला लाखेचा ठिपका लावून टाकला.

ऑगस्टमध्ये पुन्हा झड, पुन्हा ४०. (मध्येच नवी नळी मागवली, तर एका विक्रेत्याने एसबीएम-२० च्या नावाखाली काचेची कुठलीतरी पाठवली. ती उजेडालाही टिकटिकते. टॉर्च मारला की हजेरी देते.) शेवटी वैतागून क्लिपा घासायला नळी काढली आणि स्विच बंद करायचा विसरलो. टिक. टिक. नळी टेबलावर, आणि बोर्ड मिनिटाला १८ मोजतोय!

दोष माझ्याच डागकामाचा. अ‍ॅनोडच्या (नळीच्या धन टोकाच्या) क्लिपेखाली फ्लक्सचा थर राहिला होता, तो हवेतला ओलावा शोषून ४०० व्होल्टना वाट करून देत होता. डबीतली स्वस्त पेस्ट सर्किटवर वापरू नका, ती पत्र्याच्या कामाला. आयसोप्रोपिल आणि जुन्या टूथब्रशने घासलं, हेअर ड्रायरने वाळवलं, अ‍ॅनोडचा रेझिस्टर बोर्डावरून उचलून हवेतच क्लिपेला जोडला, वर वार्निशचे दोन हात. पोटॅश खताची पुडी (पोटॅशियम मुळातच किंचित किरणोत्सर्गी) टेकवून पाहिली, मोजणी पूर्वीइतकीच. (शंभर ग्रॅममध्ये दीडेक हजार बेकरेल, म्हणजे सेकंदाला तितकी विघटनं; शेतीच्या दुकानात मिळणारा यापेक्षा स्वस्त चेक सोर्स नाही. फक्त पुडीची मोजणी मायक्रोसिव्हर्टमध्ये, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या डोसच्या एककात, बदलू नका. ते बहुतेक बीटा कण आहेत, सीपीएमवरून ताशी मायक्रोसिव्हर्ट काढायचा ०.००५७ चा गुणक गॅमा किरणांसाठी.)

सप्टेंबरभर पाऊस पडला आणि रेघ २१ वर सपाट. इतक्या कंटाळवाण्या आलेखाचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

आणि परवा, परतीच्या पावसाने गडगडाट करत झोडपलं तेव्हा दहा मिनिटांची सरासरी २७! त्रुटी दीडची, म्हणजे हा योगायोग नव्हे. पावणेदोन तासांत पुन्हा २१. धावत खाली जाऊन स्कूटरची सीट टिश्यूने पुसली, घडी नळीला टेकवली. १४६ सीपीएम, मग पस्तीस-चाळीस मिनिटांनी त्यातला नेहमीच्या २१ च्या वरचा भाग निम्मा. हीच खरी पिल्लावळ. जुलैचा पाऊस अरबी समुद्रावरून येतो आणि रेडॉन जमिनीतून निघतो, समुद्रातून जेमतेम. वळीव आणि परतीचा पाऊस जमिनीवरच्या हवेतले. म्हणजे जुलैत मोठी उडी अपेक्षितच नव्हती, हे आता सुचतंय.

आता मूळ हिशेब, घरातल्या माणसांच्या वर्षभराच्या डोसचा. २१ सीपीएम त्याच ०.००५७ ने आणि वर्षाच्या तासांनी सरळ गुणले तर १.०५ मिलिसिव्हर्ट. पण बाहेरचे किरण अडवणाऱ्या शिशाच्या विटांमध्येही नळी ९ मोजते, म्हणजे ते बहुतेक तिचे स्वतःचेच. त्यात काही कॉस्मिक (अवकाशातून येणारे) आहेत हे कबूल, तरी ते वजा केले तर ०.६ च्या आसपास. आपला काळा कातळ तसाही ग्रॅनाइटपेक्षा गरीब, त्यामुळे पटतं.

इथे दुसरी नळी लावून सरासरी सुधारायचा बेत लिहिणार होतो, पण लिहिता लिहिताच तो बारगळला. जागतिक सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, त्यातला निम्मा वाटा श्वासावाटे जाणाऱ्या रेडॉन-थोरॉनचा, आणि तो माझ्या नळीला दिसतच नाही. शिवाय मेव्हणी एक्स-रे विभागात आहे, ती टीएलडी बॅज (अंगावर पडलेला डोस नोंदवणारा बिल्ला) छातीवर लावते. माझा डबा गॅलरीत टांगलेला. गॅलरीत झोपतं कोण?

तेव्हा दुसरी नळी रद्द. सीआर-३९ चे (अल्फा कणांचे व्रण टिपणाऱ्या प्लास्टिकचे) तुकडे झोपायच्या खोलीत तीन महिने टांगायचे, मग कॉस्टिक सोड्यात खोदून अल्फाचे खड्डे मोजायचे. रेडॉन शोषणारी कोळशाची पुडी स्वस्त पडली असती, पण आपल्या दमट हवेत ती रेडॉनआधी पाणीच पिईल. कोणाकडे तुकडे उरले असतील तर कळवा. घरून परवानगी मिळाली आहे, सोड्याचं भांडं स्वयंपाकघरात दिसणार नाही या अटीवर.