तिला खडा, ह्याला डबा, तुला पायरी

पुणे ते कोल्हापूर एरवी चार-साडेचार तासांचा रस्ता. सातारा-कागल पट्ट्यातल्या कामामुळे या वेळी सात तास लागले, आणि त्यातला बराचसा वेळ दाजी गोल्फबद्दल बोलत होते. दाजी पन्नाशीनंतर हा खेळ शिकले. त्यांना त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे हँडिकॅप. अठरा होलचा डाव मुरलेला खेळाडू बहात्तरच्या आसपास फटक्यांत संपवतो, नवशिक्याला शंभराच्या वर लागतात. पण नवशिक्याचे जादा फटके हिशेब करून वजा होतात, जास्तीत जास्त ५४. शिवाय पहिला फटका मारायच्या जागाही पुढेमागे असतात. ज्याला लांब मारता येत नाही त्याने पुढच्या जागेवरून मारायचं. म्हणून आजोबा आणि नातू एकाच मैदानावर एकमेकांशी खेळू शकतात.

"म्हणजे आपलं लिंबूटिंबू," ताई म्हणाली.

"नाही. लिंबूटिंबू आउट होत नाही, कारण तो खेळातच नसतो. इथे तो जिंकूही शकतो."

हे वाक्य माझ्या डोक्यात कराडपासून जे बसलं ते कोल्हापूरपर्यंत हललं नाही. पाण्याच्या बाबतीत मी बेचाळीस वर्षं लिंबूटिंबू आहे. सगळे पोहतात, मी काठावर टॉवेल, चपला, मोबाइल सांभाळते. या सुट्टीत एकदा तरी सगळ्यांनी मिळून पाण्यात उतरायचं, मीसुद्धा, असं मी गाडीतच जाहीर केलं. सई, माझी मुलगी, तेरा वर्षांची, शाळेच्या संघातून पोहते. वेदू सहा वर्षांचा. ताईला दहा-बारा हात मारता येतात. दाजी बरे पोहतात. आणि कोल्हापुरात शहात्तर वर्षांचे मामा, ज्यांचं सगळं तारुण्य पंचगंगेत गेलं.

आता असे सहा जण एकाच पाण्यात कुठे उतरणार?

पहिले दोन दिवस अंबाबाई, मिसळ, चपला आणि नातेवाईक यांत गेले. त्याबद्दल लिहीत नाही, सगळ्यांनीच लिहिलंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या एका जलतरण तलावावर गेलो. सई हरखली होती. वीरधवल खाडे कोल्हापूरचा, हे तिला मी सांगायची गरज नव्हती, तिनेच मला सांगितलं: २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ, आणि पोहण्यातलं भारताचं २४ वर्षांनी आलेलं पदक. तलाव स्वच्छ होता, पाणी निळं होतं. पण खिडकीवरच्या माणसाने आमची वाटणी केली. बायकांची बॅच वेगळी, पुरुषांची वेगळी. शिकाऊ वेगळे. मुलांची वेळ संध्याकाळी. मामांच्या वयाला डॉक्टरांचा दाखला हवा. वेदूची उंची पुरत नाही. सहा जणांना चार वेगवेगळ्या वेळा मिळाल्या आणि त्यातल्या एकाही वेळेला आम्ही सगळे एकत्र नव्हतो. एकेक नियम सुरक्षेसाठीच असेल, मला मान्य आहे. पण सार्वजनिक जागा कुटुंबाने मिळून वापरावी, असं तिथे कुणाला सुचलेलंच नाही, याचा मला खरोखर राग आला. सई म्हणाली, "आई, मी एकटी नाही जात." आम्ही परत फिरलो.

तिथून मामांनी घाटावर नेलं. शिवाजी पुलाखाली नदी मे महिन्यातली, संथ. मामा खालच्या पायरीवर उभे राहून कितीतरी वेळ पाण्याकडे बघत होते. इथेच त्यांच्या तालमीची पोरं पहाटे मेहनत झाली की उड्या टाकायची. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांचं पाणी. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३, हे आकडे मामांना जन्मतारखेसारखे पाठ आहेत. २०१९ ला नदी त्यांच्या माजघरात आली होती, तिच्याबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत. पण जयंती नाल्याचं सांडपाणी याच नदीत जातं हेही त्यांना ठाऊक आहे. त्यांनी वाकून ओंजळ भरली, वास घेतला आणि पाणी हळूच खाली सोडलं.

"पोरांना हितं नगं," एवढंच म्हणाले. पुढे घरापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

संध्याकाळी खासबागेत चक्कर मारली. शाहू महाराजांनी १९१२ साली पुरं केलेलं मैदान, मध्ये आखाडा आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा. मामा दाजींना सांगत होते की कुस्तीत जोड लावणाराच खरा जाणकार. वजन, वय, तयारी बघून तो जोड लावतो. नारळावरची आणि रेवड्यांवरची कुस्ती पोरांची, पण हलगी त्यांच्यासाठीही वाजते. दाजी एकदम थांबले. "मामा, हाच तो हँडिकॅप." मामांना शब्द कळला नाही, मुद्दा कळला. थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या विहिरीवर जाऊ."

विहीर राधानगरी रस्त्याला, भोगावतीकाठच्या एका गावात, मामांच्या चुलत भावाच्या उसात. काळ्या घडीव दगडाची, मोटेच्या काळातली. थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं ते दगडी कुंड, अजून शाबूत आहे, बैलांची धाव गवताने भरून गेलीय. एका बाजूने पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि पाण्याखालीही जात राहतात. नदीकाठचा ऊस, त्यामुळे मे महिन्यातही पाणी भरपूर. गावातली कुणाचीही पोरं तिथे पोहतात, विचारावं लागत नाही.

मामांनी आधी काय केलं ते सांगते, कारण विहिरीवर जाणाऱ्या प्रत्येकाने ते करावं असं मला मनापासून वाटतं. मोटारीचा स्टार्टर बंद केला. मग खोपटात जाऊन तिन्ही फ्यूज काढले, फडक्यात गुंडाळले आणि सदऱ्याच्या खिशात घातले. "बटणावर भरवसा ठेवायचा न्हाई. कोन तरी येतंय आन् चालू करतंय." पुतण्याला दोराचं वेटोळं देऊन काठावर बसवलं आणि बजावलं, सगळे बाहेर येईपर्यंत उठायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. मग स्वतः उतरून पायानं चाचपत पाण्याखालच्या पायऱ्या मोजल्या. सहा.

मग त्यांनी जोड लावली. वेदूच्या पाठीला तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा. मामांच्या लहानपणी वाळक्या भोपळ्यांची सांगड असायची. डब्याचं बूच त्यांनी दोनदा आवळलं, कानाशी हलवून बघितलं. सुती दोरी वेदूच्या छातीवरून आणि काखेखालून घेतली, गाठ पुढे, स्वतःला दिसेल अशी मारली आणि दोरीखाली दोन बोटं घालून बघितली. सईच्या हातात एक पांढरा खडा दिला. "चौथ्या पायरीवर ठिवून यायचा. मग डोळं मिटून परत आणायचा." पदकं मिळवलेली माझी मुलगी पहिल्या दोन वेळा रिकाम्या हाताने वर आली. दाजी आणि ताईला भिंतीला धरून गोल फेरी, ताईने अर्धी मारली की दाजींची पुरी झाली पाहिजे. म्हणजे एकाला दुप्पट अंतर, शर्यत मात्र एकच.

"मामा, आणि मी?"

"तुला पायरी."

दुसऱ्या पायरीवर मी बसले तेव्हा पाणी गळ्याशी होतं. वर उन्हाचा चटका आणि खाली असं गार पाणी की श्वास आखडला. आठ वर्षांची असताना याच मामांबरोबर घाटावर गटांगळ्या खाल्ल्या होत्या. नाकातोंडात पाणी, मग कुणीतरी वेणी धरून ओढलेलं. ते कुणी कधी बोलत नाही. मामा माझ्या शेजारी उभे राहिले आणि तळहात माझ्या मानेखाली धरला.

"पाण्याला पाठ दे. डोस्कं माझ्या हातावर. कान बुडू देत, भिऊ नगंस. नाक वरच ऱ्हातंय."

कान पाण्याखाली गेले आणि सगळे आवाज बंद झाले. फक्त माझा श्वास, आणि लांबून कुठूनतरी सईचं पाणी कापणं. वर गोल आभाळ, त्याच्या कडेला आंब्याची एक फांदी. कंबर खाली जायला लागली की मामा म्हणायचे, "पोट वर." ओरडत असणार, मला पुटपुटल्यासारखं ऐकू यायचं. तळहाताची चार बोटं झाली. मग दोन. मग एकच, मानेच्या खळग्यात टेकलेलं, खरबरीत. मी त्या एका बोटावर सगळी मदार ठेवली होती. आणि मग मला मामांचे दोन्ही हात दिसले, पाण्याच्या वर, बोटं मोडत आकडे मोजत होते.

सतरापर्यंत गेले. अठराला मी घाबरून पाय टाकले आणि पायरीला लागले.

सई खडा वर धरून ओरडत होती. तिलाही तो तेव्हाच मिळाला होता. वेदूने डब्यासकट थारोळ्यावरून मुटका मारायची परवानगी मागितली, मामांनी तिसऱ्या पायरीवरून दिली. काठावर मी कुणाच्याच वस्तू सांभाळत नव्हते. मामा त्या दिवशी स्वतः पोहलेच नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. त्यांना म्हटलं तर म्हणाले, "मी काय बाहेर हुतो व्हय?"

दुपारी साडेतीनच्या सुमारास पश्चिमेकडून ढग चढले. वीज दिसताच मामांनी सगळ्यांना बाहेर काढलं. खोपटापर्यंत पोचतोय तोवर वळीव कोसळला, टपोरे थेंब, उसाच्या पानांवर आवाज आणि मातीचा वास. ताई विचारत होती, टॉवेल कुठायत? टॉवेल काठावरच राहिले होते, सहाच्या सहा, चिंब. पुतण्या दोर गुंडाळून आत आला तेव्हा मामांनी डोकी मोजली, मग पुन्हा एकदा मोजली. पाऊस सरल्यावर त्यांनी खिशातून फडकं काढलं, तिन्ही फ्यूज कोरडे आहेत का ते बोटांनी बघितलं आणि एकेक करून जागेवर बसवले.

पुण्याला परतायला पुन्हा सात तास. वाटेत सईने विचारलं, "दिवाळीत किती?" मी म्हटलं, पन्नास.